खरखरताई आणि एक्स-रेच्या खोलीतला मॉनिटर

हॉस्पिटलच्या देखभाल विभागात त्यांना सगळे खरखरताई म्हणत. नाव इथलं नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सुटली तेव्हा तिथून डबा, छत्री आणि हे नाव एवढंच त्यांच्याबरोबर आलं. एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं त्या तक्रारींच्या टेबलावर बसल्या. लोक फोन करून सांगत, लाइनवर खरखर येते. ताई विचारत, कशी खरखर? कागद चुरगळल्यासारखी, की वाळू चाळल्यासारखी? कागदासारखी असेल तर जोडात पाणी शिरलंय, वाळूसारखी असेल तर तार सैल झालीय. लाइनमन शिडी घेऊन निघायच्या आधी त्याला कुठल्या खांबावर चढायचं ते ठाऊक असे.

हा कान त्यांना वडिलांकडून मिळाला. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे वडील रेडिओ आणि भोंगे दुरुस्त करत. ताई आठ वर्षांच्या असताना शेजारच्या काकूंनी एक रेडिओ तिसऱ्यांदा परत आणला. ठरावीक वेळी तो घरघरायचा, दुकानात आणला की शहाण्यासारखा वाजायचा. वडिलांनी हात टेकले होते. मुलगी म्हणाली, बाबा, वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका मशीन चालवतात तेव्हाच तो ओरडतो. वडील तिला घेऊन जिना चढले, शिंप्याला मोटर बंद करायला सांगितली, आणि खाली रेडिओ गप्प झाला. वडिलांनी शाबासकी दिली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला.

एक्स्चेंज हळूहळू आटलं आणि शेवटी बंद झालं. हॉस्पिटलमध्ये आल्यावर ताईंच्या वाट्याला ट्यूबलाइट, पंखे, वॉर्डातल्या बोलवायच्या घंट्या असलं काम आलं. कॉम्प्युटर आणि वायफायचं कंत्राट बाहेरच्या एका कंपनीकडे होतं. देखभालीचे साहेब भला माणूस, पण कागदावर चालणारा. त्यांच्या हिशेबी तारा ताईंच्या आणि बाकीचं कंपनीचं. ताईंनी कधी तक्रार केली नाही. वय चोपन्न, गुडघे अजून शाबूत, शिडीवर चढायला कुणाचा हात लागत नव्हता; त्यांचं बरं चाललं होतं.

तळमजल्याच्या टोकाला एक्स-रे वाचायची खोली होती. तिथे बसणाऱ्या डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या, नेमकं बोलणाऱ्या. त्या दोन हॉस्पिटलं सांभाळत, म्हणून स्वतःचा लॅपटॉप घेऊन फिरत. वसंत सरता सरता त्यांच्या हातून एक चूक झाली. एका म्हाताऱ्या सुताराच्या मनगटातली केसाएवढी चीर लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर त्यांना दिसली नाही. तीन आठवड्यांनी तो सुजलेला हात घेऊन परत आला. त्याने त्यांना शब्दानेही दुखवलं नाही, पण डॉक्टरबाईंनी ती गोष्ट मनाला लावून घेतली आणि वर अर्ज केला की मोठा, बारीक ठिपक्यांचा मॉनिटर मिळाल्याशिवाय मी एकही फोटो वाचणार नाही.

मॉनिटर आला. चित्र असं दिसायचं की हाडातली जाळी मोजावी. पण आगीतून निघून फुफाट्यात पडावं तसं झालं. मॉनिटर लॅपटॉपला जोडला की वायफाय जायचं. फोटो तर एक्स-रेच्या यंत्राकडून वायफायवरच यायचे. तार टाकावी तर मधली भिंत किरण अडवण्यासाठी शिशाचा पत्रा घालून बांधलेली. तिला भोक पाडायची परवानगी चार महिने कुठल्यातरी टेबलावर पडून होती.

कंपनीचा इंजिनियर आला. चाळिशीचा, हुशार, दिवसाला सहा ठिकाणी धावणारा. त्याने राउटर बदलला. पुढच्या खेपेला बोळात सिग्नल वाढवणारा आणखी एक डबा लावला. तिसऱ्या खेपेला वायफायची दुसरी, वरच्या लहरींची पट्टी लावून पाहिली, पण ती शिशाच्या भिंतीपलीकडे पोचेना. शेवटी म्हणाला, भिंतीतच दोष आहे. डॉक्टरबाईंनी त्याला सांगितलं की मॉनिटरची केबल काढली की नेट येतं, मग भिंत काय तेवढ्यापुरती बाजूला होते का? तो म्हणाला, मग लॅपटॉप बघून घ्या. लॅपटॉप दुरुस्तीला गेला आणि ‘काही दोष नाही’ अशी चिठ्ठी घेऊन परत आला.

तेव्हापासून डॉक्टरबाई केबल काढून फोटो उतरवून घ्यायच्या, मग केबल जोडून वाचायच्या, पुन्हा काढायच्या. दिवसातून साठ-सत्तर वेळा. एका सकाळी अपघातातला एक माणूस आला. बाई केबल काढायला विसरल्या होत्या आणि त्याच्या छातीचा फोटो यायला नऊ मिनिटं लागली. शेवटी सर्जन स्वतः जिना उतरून धावत आले. माणूस वाचला, पण त्या नऊ मिनिटांवरून बैठक झाली आणि ठरलं की शुक्रवारी मॉनिटर विकणाऱ्याला परत करायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

त्या मंगळवारी ताई त्या खोलीत गेल्या त्या ट्यूब बदलायला. शिडीवर उभ्या होत्या, नजर खाली. डॉक्टरबाईंनी केबल काढली, फोटो उतरवला, केबल जोडली आणि माऊस हलवला. पडद्यावरचा बाण दोन पावलं गेला, अडला, उडी मारून पुढे गेला, पुन्हा अडला. ताईंनी ट्यूब तशीच हातात धरून विचारलं, “बाई, हा माऊस असा लंगडतो कधीपासून?”

डॉक्टरबाई म्हणाल्या की तो बिनतारीच आहे, स्वस्तातला आहे, बॅटरी संपत आली असेल.

“केबल काढल्यावरही लंगडतो?”

हे कुणी बघितलंच नव्हतं. डॉक्टरबाईंनी केबल काढली. बाण लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. जोडली, लंगडला. काढली, फिरला. तीनदा केल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

ताई शिडी उतरल्या. म्हणाल्या, “माऊसचा आणि राउटरचा काय संबंध? माऊस याच टेबलावर, राउटर बोळात. दोघं एकाच वेळी आजारी पडतात म्हणजे रोग त्यांना नाही. इथे तिसरंच कुणीतरी आरडाओरडा करतंय, आणि ते याच टेबलावर आहे.”

साहेबांकडे जाऊन त्यांनी दोन दिवस मागितले. साहेब म्हणाले की कंत्राट दुसऱ्याचं आहे, आपण हात घातला तर उद्या सगळं आपल्या गळ्यात येईल. ताई म्हणाल्या की मी काही उघडणार नाही, तोडणार नाही, फक्त ऐकणार आहे. ऐकायला कुणाची परवानगी लागते? साहेबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ताईंनी सोयीचा अर्थ घेतला.

बुधवारी त्यांनी घरून यजमानांचा खिशातला रेडिओ आणला. आवाज कुठून येतो ते शोधायची ही वडिलांची रीत; स्टेशन नसलेल्या जागी काटा लावायचा आणि रेडिओ हळूहळू सगळीकडून फिरवायचा. रेडिओ केबलजवळ थोडा कुजबुजला, पण मॉनिटरला वीज देणाऱ्या, काळ्या विटेसारख्या अडॅप्टरजवळ नेला तसा असा खवळला की दारातल्या नर्सने कानांवर हात ठेवले. ताईंना वाटलं, सापडला. वीट उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली, लांब वायर जोडली, साहेबांना बोलावलं. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या कामासाठी आलेला इंजिनियरही डोकावला. सगळ्यांसमोर डॉक्टरबाईंनी केबल जोडली.

वायफाय गेलं. माऊस लंगडला. रेडिओ मात्र आता गुमान होता.

साहेबांनी खोकल्याचं निमित्त केलं. इंजिनियर वाईट माणूस नव्हता, तो हसला नाही; पण जाता जाता म्हणाला की ताई, हे रेडिओचं दुखणं नाही, तुमचा काळ वेगळा होता. ताईंनी रेडिओ पर्समध्ये टाकला, वीट जागच्या जागी ठेवली, उरलेल्या दिवसात वॉर्डातल्या चार घंट्या दुरुस्त केल्या. पण आत कुठेतरी लागलं होतं. बावीस वर्षांत कानाने दगा दिला नव्हता.

ताईंचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासत. बोलणं मोजकं, विनोद त्याहून मोजके. संध्याकाळी भाजी निवडता निवडता ताईंनी त्यांना सगळी कथा सांगितली. त्यांना वायफायमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमच्याकडे एक सोपं आहे. चूक कुठे आहे ते लेखकाला विचारून उपयोग नाही, आणि मला विचारून तर मुळीच नाही. माझी नजर ज्या चुकांना सरावलीय त्याच मला दिसणार. वाचणारा कुठे अडखळला ते बघायचं.”

ताईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. वाचणारा कुठे अडखळला! रेडिओ अडखळलाच नव्हता. त्याला दुसऱ्याच कुणाचा त्रास होत होता. त्याचा कान खालच्या पट्टीचा, वायफायचा फार वरच्या पट्टीचा. विटेचं ओरडणं वायफायला ऐकूच येत नसणार, आणि वायफाय ज्याने बहिरं होतंय ते रेडिओला. म्हणजे आपण साप समजून भुई धोपटत बसलो. ज्याला दुखतंय त्यालाच विचारायला हवं होतं, आणि तो तर टेबलावरच होता. माऊस. वायफाय जिथे बोलतं त्याच पट्टीत माऊसही बोलतो. म्हणून तर दोघं एकत्र कोलमडतात.

त्या म्हणाल्या, “उद्या मी माऊसचाच कान करते.” यजमान म्हणाले, “कर. पण आधी भाजी.”

गुरुवारी त्या लवकर पोचल्या. माऊसचा निरोप पकडणारा नखाएवढा खुंट लॅपटॉपच्या कडेला खोचलेला असतो. ताईंनी तो काढून एक मीटर लांब वायरच्या टोकाला लावला आणि वायर लॅपटॉपला जोडली. आता तो खुंट हातात धरून कुठेही नेता येत होता. डॉक्टरबाईंना सांगितलं की तुम्ही माऊस सारखा गोल गोल फिरवत राहा आणि बाणावर नजर ठेवा. मॉनिटर जोडलेला, पडदा पूर्ण ठिपक्यांवर, म्हणजे चित्र सर्वांत बारीक.

खुंट मॉनिटरच्या पाठीशी नेला. “ठीक आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. काळ्या विटेजवळ नेला. ठीक. केबलच्या मध्यावर आणला. थोडा अडतोय. मग केबलवरून बोट-बोट सरकत लॅपटॉपकडे. अडतोय, जास्त अडतोय. शेवटी लॅपटॉपच्या मागे, जिथे केबलचं जाड तोंड लॅपटॉपच्या बारीक भोकात बसावं म्हणून मधे प्लास्टिकची एक चपटी डबी लावली होती, तिथे खुंट नेला आणि बाण जागीच मेला.

“इथे,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

ताईंनी खुंट वीतभर मागे घेतला. बाण जिवंत झाला. पुन्हा डबीजवळ, मेला. डबीची शेपटी, म्हणजे लॅपटॉपकडे जाणारी वायर, जेमतेम चार बोटं लांब, त्यामुळे ती नेहमी लॅपटॉपच्या बिजागरीला चिकटून पडलेली. लॅपटॉपचा वायफायचा कान, म्हणजे अँटेना, कुठे असतो ते ताईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी सरळ इंजिनियरला फोन लावला. काल झालं ते काल झालं. ज्याला माहीत आहे त्याला विचारायला लाज कसली? त्याने सांगितलं, बऱ्याच लॅपटॉपांत पडद्याच्या कडेला, बिजागरीच्या आसपास. का विचारता?

“ये आणि बघ,” ताई म्हणाल्या.

तो अर्ध्या तासात आला. ताईंनी त्याच्यासमोर खुंट पुन्हा फिरवून दाखवला. या वेळी माऊस त्याच्याच हातात होता. डबीपाशी बाण मेला तशी त्याने मान वर केली. मग त्याने स्वतःहून एक गोष्ट केली. लॅपटॉपमध्ये जाऊन मॉनिटरचे ठिपके कमी केले. चित्र जाडंभरडं झालं, आणि वायफाय परत आलं. पूर्ण ठिपके केले, गेलं. तो खुर्चीत मागे टेकला आणि दोघींना समजावून सांगू लागला. पडद्यावर जितके ठिपके जास्त, तितक्या वेगाने केबलमधून माहिती धावते. छोट्या मॉनिटरवर तो वेग वायफायच्या पट्टीपासून लांब राहतो. या मॉनिटरच्या पूर्ण ठिपक्यांवर तो नेमका पट्टीच्या अंगावर येऊन बसतो. चांगली केबल आणि चांगली डबी आतलं आत ठेवतात, ही प्लास्टिकची मात्र बाहेर सांडते. आणि सांडते ती नेमकी लॅपटॉपच्या कानात.

“मी चार महिने राउटर बदलत होतो,” तो म्हणाला.

“मी काल दिवसभर विटेशी भांडत होते,” ताई म्हणाल्या. “फिटलं.”

त्याने बॅग उघडली. तळातून धातूच्या आवरणाची, हातभर शेपटीची एक डबी आणि बोटासारखी जाड केबल निघाली. जुनं काढलं, नवं जोडलं, डबी लॅपटॉपपासून लांब मॉनिटरच्या पायाशी ठेवली. पूर्ण ठिपके. वायफायच्या रेघा भरलेल्या. डॉक्टरबाईंनी आधीच्या दिवसाचे बारा फोटो एकदम मागवले आणि ते पडद्यावर एकामागून एक येत गेले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

साहेब आले, खूश झाले, चहा मागवायला निघाले. ताईंनी त्यांना थांबवलं. त्या म्हणाल्या की काल मी तुम्हाला अर्धं शिजलेलं वाढलं, आज तसं नको. दुखणं गेलं म्हणजे औषध लागू पडलंच असं नाही. कधी कधी ते आपणहून जातं आणि आपणहून येतं. आता जुनी डबी परत लावायची.

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर भीती दिसली. चार महिन्यांनी आलेलं नेट कोण हातचं घालवेल? पण त्याही डॉक्टर होत्या; खात्री करून घेणं म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी मान हलवली. जुनी डबी लावली, डोळ्याची पापणी लवायच्या आत वायफाय गेलं. नवी लावली, आलं. जुनी डबी पण नवी केबल, गेलं. नवी डबी पण जुनी केबल, रडतखडत चाललं. दोन्ही नवं, खणखणीत. ताईंनी प्रत्येक वेळी काय झालं ते एका कागदावर लिहिलं, खाली वेळ टाकली आणि तो कागद साहेबांच्या हातात दिला. हातात कागद आला की साहेब किती सरळ उभे राहतात ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

शुक्रवारी मॉनिटर न्यायला माणसं आली, त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं. ताईंनी पुढचा आठवडाभर रोज सकाळी आणि दुपारी त्या खोलीत चक्कर मारली. नेट एकदाही गेलं नाही. आठव्या दिवशी त्यांनी जुन्या डबीला लाल चिकटपट्टी गुंडाळली, वर ‘लावू नये’ असं लिहिलं आणि ती आपल्या कपाटात ठेवली, कुणी चांगली दिसते म्हणून उचलू नये यासाठी. इंजिनियरच्या फेऱ्या सुरूच राहिल्या, पण आता तो आधी देखभाल विभागात डोकावायचा. प्रयोगशाळेत एक प्रिंटर मधेच गप्प बसायचा, तो दोघांनी मिळून दोन तासांत बोलता केला. बैठकीच्या खोलीतल्या बिघाडाचं प्रकरण जरा चिवट होतं, त्याला तीन दिवस लागले, आणि त्यात इंजिनियरचं बरोबर ठरलं, ताईंचं चुकलं. त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगूनही टाकलं.

डॉक्टरबाईंनी वर एक पत्र लिहिलं होतं. त्यात काय होतं ते ताईंना कुणी दाखवलं नाही, पण महिन्याभराने साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं की तुम्हाला काय हवं? बढतीचं नाव काढलं तर फाइल वर्षभर फिरेल हे दोघांनाही माहीत होतं. ताई म्हणाल्या, खिडकीजवळ एक टेबल द्या, आणि बिघाडाची कुठलीही तक्रार आली, तारेची असो की बिनतारीची, ती आधी त्या टेबलावर येऊ द्या. मोडक्या खाटा ठेवायची एक खोली रिकामी करून मिळाली. खिडकी उत्तरेची, उजेड सारखा, टेबल लांबरुंद. ताईंनी अवजारं मांडली आणि भिंतीवर खिळे ठोकून केबलींची वेटोळी टांगली.

रविवारी त्यांनी यजमानांना खोली दाखवायला नेलं. ते दारातच थांबले आणि पाटीकडे बघत राहिले. रंगाऱ्याने ‘दुरूस्ती कक्ष’ असं लिहिलं होतं.

“रु ऱ्हस्व हवा,” ते म्हणाले.

“आत तरी याल की नाही?”

ते आत आले. टेबलावरून हात फिरवला, खिडकी उघडून बंद करून पाहिली, कडी घट्ट बसते का ते तपासलं. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले की जागा चांगली आहे, हवा येते. ताईंना तेवढं पुरलं. छत्तीस वर्षांच्या संसारात इतकं सरळ कौतुक त्यांनी दोनदाच ऐकलं होतं. सोमवारी रंगारी आला आणि पाटी सुधारून गेला. तोवर ताईंच्या टेबलावर तीन तक्रारी येऊन पडल्या होत्या, आणि त्या पहिलीची चौकशी करायला वरच्या मजल्यावर गेल्या होत्या.